उंबऱ्याचा भाव

भागवत आचाऱ्याला बसून जेवताना शिरड शहापुरात कुणी पाहिलेलं नाही. हजार हजार माणसांच्या पंगती उठवणारा हा गडी स्वतः जेवतो तो उभ्यानं, पातेल्याच्या काठाशी, हातात पोळीची सुरळी धरून. तीही निम्मी खातो, कुठंतरी ठेवतो आणि विसरतो. त्याची बायको शितल म्हणते, "ह्या माणसाच्या पायाला भिंगरी हाय. झोपेतसुद्धा झारा हलवतो." खोटं वाटेल, पण हलवतो.

वीस वर्षं त्याचा धंदा एकाच वाक्यावर चालला: "बघून घे रे भागवत." लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, यजमान यायचा, मांडी घालून बसायचा, चहा प्यायचा आणि म्हणायचा, "तूच बघून घे." किराणा यजमानाचा, सरपण यजमानाचं, भागवतची फक्त मजुरी. ती किती, हे कधी ठरायचंच नाही. काम उरकलं की खांद्यावर टॉवेल पडायचा, डोक्यावर टोपी, आणि हातात काय पडेल ते पडेल. वर फर्माइशी वेगळ्याच. "भागवत, वऱ्हाडाला वाटेत खायला दशम्या बांध." "भागवत, सोयरे मुक्कामाला राहिले, उद्या पोहे टाकून जाय." नाही म्हणायची सोय नाही. का, तर म्हणे तू घरचा माणूस! हे दोन शब्द ऐकले की भागवतच्या डोक्यात तिडीक जायची. घरच्या माणसाला कुणी भाव विचारतं का?

एक सवाल मात्र तो चहाचा कप हातात यायच्या आधी टाकायचा. "आवतन कसं देऊन राहिले? घरटी का चूलबंद?"

घरटी म्हणजे प्रत्येक घरातून एक माणूस जेवायला. चूलबंद म्हणजे सगळं घर: म्हातारंकोतारं, लेकरंबाळं, सुट्टीला आलेली लेक आणि तिची पोरं. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. आणि चूलबंद आवतन देऊनही कुणाच्या घरावर धूर दिसला, तर त्यात यजमानाचं नाक कापलं जातं. गॅस आले, कुकर आले, तरी हा मान काही गेला नाही. उत्तर ऐकून भागवत डोळे मिटायचा, मनातल्या मनात गावाच्या गल्ल्या फिरून यायचा आणि सांगायचा, "दीड क्विंटल तांदूळ काढून ठेवा." चुकलाच तर यजमानाचं पोतं उघडं असायचं. आणखी चार पायल्या टाकल्या की भागलं.

असं छान चाललेलं असताना तो एका लग्नाला नांदेडला गेला आणि बिघडून आला. तिथल्या मंगल कार्यालयात जेवणाचा ठेका घेतलेला माणूस इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर बसला होता. बसला होता! झाऱ्याला हात नाही, कपाळावर घाम नाही. त्याच दिवशी त्याची आणखी तीन लग्नं होती म्हणे. टेबलावर छापलेलं कार्ड: ह्या जेवणाला हा भाव, त्या जेवणाला तो भाव, इतकी माणसं, एवढे पैसे, बात खतम. भागवतनं ते कार्ड तीनदा वाचलं, घडी घालून खिशात टाकलं आणि परतीच्या एसटीत शितलला म्हणाला, "मी काहून गाढवासारखा राबून राहिलो गं?"

"ते मला काय इचारता? मी बारा वर्सं हेच इचारायले," शितल म्हणाली.

झालं. माणसाच्या डोक्यात किडा शिरला. भागवतचंही पॅकेज निघालं आणि शितलनं त्यांना नावं ठेवली: साधं, बरं आणि झकास. दोनशे माणसं, पाचशे माणसं, हजार माणसं. किराण्यासकट, वाढप्यासकट, भांड्यांसकट एकच भाव. निम्मे आधी, निम्मे पंगत उठल्यावर. खाली ठळक अक्षरात छापलं: दशम्या व पोहे यात धरलेले नाहीत.

कार्ड छापणं सोपं होतं. अवघड होतं ते भागवतचा हात कागदावर उतरवणं. तो चार लग्नं एका दिवशी करणार कशी, तर दुसऱ्या कुणीतरी अगदी त्याच्यासारखं करायला हवं. आणि त्याचं सगळं माप मुठीत आणि नाकात! मग शितल वजनकाटा घेऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. तो मीठ टाकायला मूठ उचलायचा, ती ओरडायची, "थांबा! काट्यावर टाका आधी." पुन्हा मूठ भरली की वजन वेगळं यायचं. तो चिडायचा, म्हणायचा, "तू बघून राहिली म्हणून हात लाजतो." दीड महिना हे चाललं. त्या दीड महिन्यात घरात जे शिजलं ते एक दिवस खारट तर एक दिवस अळणी. पण वही तयार झाली. पाचशे माणसाला चाळीस किलो तांदूळ, पंधरा किलो तूरडाळ, वांगी किती, तेल किती, बुंदी किती, हळद किती, सगळं ग्रॅमात.

ती वही गेली माऊलीच्या हातात. माऊली म्हणजे शितलचा धाकटा भाऊ, वय बत्तीस, स्वभावानं एकदम थंड. सांगितलं तेवढंच करणार, त्याच्या पलीकडं एक पाऊल टाकणार नाही. भागवतला असाच माणूस पाहिजे होता. त्याला समोर बसवून बजावलं, "वहीत हाय तेवढंच. कुणी कितीबी गोड बोलू दे, एक मूठ जास्त टाकायची न्हाई. एकदा ढिलं सोडलं की पुन्हा आपण घरचे माणूस."

"बरं दादा," माऊली म्हणाला. कामावर तो दाजीला दादाच म्हणायचा.

पहिली सात-आठ कामं लोण्यासारखी झाली. गावात लोक कुरकुरले, "भागवत आता कंपनी झाला, चहा पाजून बी भाव कमी करत न्हाई." भागवतला ते ऐकून गुदगुल्या व्हायच्या. पण बसवत मात्र नव्हतंच. माऊली कामावर गेला की हा घरी येरझारा घालायचा, दर अर्ध्या तासानं फोन. फोडणी बसली का? भात मोकळा झाला का? माऊली वैतागून म्हणायचा, "दादा, वही तुमी लिहिली. मग भेव कशाचं वाटायलं?" काहीतरी राहून गेलंय असं भागवतला सारखं वाटायचं, आणि काय राहिलंय ते आठवायचं नाही.

मे महिन्यात एकाच तारखेची दोन लग्नं आली. एक जवळा बाजारच्या कापूस व्यापाऱ्याचं, मंगल कार्यालयात. दुसरं कुरुंद्याच्या किशनरावांच्या लेकीचं, दारात मांडव घालून. दोघांनीही 'बरं' घेतलं, पाचशेचं. किशनराव हळदीचे शेतकरी, भागवतचे जुने यजमान. कार्ड बघून हसले. "माणसं किती म्हून काय इचारतो? लिही पाचशे. तुला ठाऊकच हाय सगळं." भागवतनं पाचशे लिहिलं, पावती फाडली, आणि उठून दुसऱ्या कामाला लागला. व्यापारी नवा होता, म्हणून जवळ्याला तो स्वतः गेला. कुरुंद्याला पाठवलं माऊलीला.

जवळ्याचं काम घड्याळासारखं चाललं. दारात माणूस बसून पाहुणे मोजून आत सोडत होता. बारा वाजेपर्यंत तीनशे पानं उठली, पातेल्यात बरोबर हवा तेवढा भात उरला. व्यापारी पाठीवर थाप मारून गेला. भागवतनं एक खुर्ची ओढली, नांदेडच्या त्या माणसासारखं बसून बघितलं. दोन मिनिटंही बसवलं नाही. उठला आणि माऊलीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. एक वाजता माऊलीचाच आला.

"दादा, दुसरी पंगत उठली. भात संपला. बुंदी तळाला लागली. तिसरी बसलीय."

"संपला कसा? वहीपरमानं टाकला ना?"

"काट्यावर मोजून टाकला. पण माणसं थांबतच न्हाईत. गल्लीच्या गल्ली यायलीय, लेकरं कडंवर घेऊन."

भागवतच्या तोंडातून सवाल आपोआप बाहेर आला, पंधरा दिवस उशिरा. "आवतन कसं हाय रे?"

माऊलीनं शेजारी कुणाला तरी विचारलं. "चूलबंद, दादा. साऱ्या गावाला."

अरे देवा! जे राहून गेलं होतं ते हे होतं. कार्डावर नावं आली, भाव आला, दशम्या-पोहेसुद्धा आले, आणि वीस वर्षं चहाच्या आधी विचारलेला सवाल तेवढा आला नाही. नांदेडच्या कार्डावर तो नव्हता, म्हणून ह्याच्याही नाही! आणि आता किराणा भागवतचा, म्हणजे यजमानाच्या घरात उघडं पोतंही नाही. माऊलीनं आणलेलं तेवढंच आणि तेवढंच संपलेलं. माऊलीला बोल लावायला जागाच नव्हती. त्यानं सांगितलं तसंच केलं होतं.

जवळ्याची शेवटची पंगत वाढप्यांच्या भरवशावर टाकून भागवत गाडीवर बसला. शिरडला घरी थांबला, तांदळाचा पंचवीस किलोचा कट्टा टाकीवर आडवा घातला. "काय झालं?" शितलनं विचारलं. "बस मागं, डाळीचं पोतं मांडीवर घे, वाटंत सांगतो." वाटेत त्यानं काहीच सांगितलं नाही. उन्हाचा नुसता जाळ होता, डोळ्यांत घाम जात होता आणि तो एकच आकडेमोड करत होता: कुरुंदा केवढं गाव, आणि तिसऱ्या पंगतीत रिकाम्या पानावर कोण कोण बसलंय.

गावात शिरताना त्याला धूर दिसला.

गल्लीच्या तोंडाशी पत्र्याचं घर, आणि त्याच्या मागच्या अंगणातून निळा धूर सरळ वर चाललेला. सगळ्या गावात तेवढा एकच. भागवतनं गाडी तिथंच लावली, शितलला म्हणाला, "मांडवात जा, माऊलीला सांग आधण ठेव म्हून," आणि तो घरात घुसला.

चुलीपुढं सत्तरीच्या पारुबाई बसल्या होत्या. किशनरावांची थोरली भावजय. बांधाच्या भांडणावरून नऊ वर्षं दोन्ही घरांत जाणं-येणं बंद होतं, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक. लेकीच्या लग्नाचं निमित्त करून किशनराव स्वतः ह्या उंबऱ्यावर आले होते, पाया पडून चूलबंद सांगून गेले होते. आता तव्यावर भाकरी होती आणि लुगडं नवं होतं.

"मावशी, चूल काहून पेटवली?"

"भूक लागली म्हून," पारुबाई वर न बघता म्हणाल्या. "नऊ वर्सांनी बोलावलं. म्या गेले. पानावर बसवलं. बुंदीचे दहा दाणे पडले आन् मंग कुणी फिरकलंच न्हाई. 'थांबा मावशी, येऊन राहिलं, येऊन राहिलं.' किती थांबू? त्यानं मुद्दाम केलं. साऱ्या गावापुढं रिकाम्या पानावरून उठवायचं व्हतं मला."

पानावर भात पडला नाही, एवढंच भागवतला वाटत होतं. इथं तर त्याच्या कार्डामुळं नऊ वर्षांनी उघडलेलं दार पुन्हा लागत होतं, आणि ह्या खेपेला ते कायमचं लागलं असतं.

"मावशी, किशनरावांची चूक न्हाई. माझी हाय."

"तू कोण?"

"आचारी. म्या त्यांना इचारलंच न्हाई चूलबंद हाय का म्हून. पाचशे माणसाचं पॅकेज केलं, मोजून किराणा धाडला."

पारुबाईंनी आता मान वर केली. "मंग तुझ्या पाचशात मी कितवी रे? सांग की!"

भागवतनं तवा उतरवून ठेवला, जळती लाकडं एकेक बाहेर ओढली आणि मातीत दाबली. हात भाजला. धूर विरेपर्यंत तो तिथंच उकिडवा बसून राहिला, आणि हा माणूस आपल्या चुलीशी काय करतोय हे पारुबाई बघत राहिल्या.

"इझवली माझी चूल," त्या म्हणाल्या. "आता कवा जेवू घालतू?"

"घंटाभरात. तुमी चला माझ्यासंगं."

"मी येत नसते. एकदा गेले, बस झालं. किशन न्यायला आला तर येईन."

मांडवात किशनराव फेटा सुटलेल्या अवस्थेत उभे होते, डोळे लाल. भागवतला बघताच अंगावर आले. "कुठंय रे तुझं कार्ड? दाखव ना! बरं म्हणं! काय बरं झालं माझं?"

"मालक, शिव्या मागून द्या, पाहिजे तेवढ्या द्या. आधी मोठ्या वहिनीला आणायला जा. त्यांनी चूल पेटवली व्हती. म्या इझवून आलो."

चूल हा शब्द ऐकला आणि माणूस तसाच अनवाणी निघाला.

भागवत भट्टीवर चढला. वही नाही, काटा नाही, मूठ आणि नाक. शितल डाळ धूत होती, माऊली वांगी चिरत होता आणि दर दोन मिनिटांनी विचारत होता, "दादा, किती टाकू?" भागवत म्हणाला, "तुझी आजी जेवायला येणार हाय असं समज आन् टाक." माऊलीनं पहिल्यांदाच न मोजता पळीभर तेल ओतलं. शेजारच्या दुकानातून आणखी तांदूळ आला, त्याची चिठ्ठी भागवतच्या नावावर.

चारला शेवटची पंगत बसली. पारुबाई किशनरावांचा हात धरून आल्या आणि पहिल्याच पानावर बसल्या. वरण वाढायला वाढपी निघाला, तर त्याच्या हातातली बादली नवरीनंच घेतली. राजनंदिनी मुंडावळ्यांसकट, शालू खोचून, आपल्या चुलतीच्या पानावर वाकली. पारुबाईंनी पहिला घास घेतला, चावला, आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "वरण पातळ हाय."

किशनराव हसले, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. भागवतनं तोंड फिरवून भट्टीतली लाकडं हलवली.

भागवत निघताना किशनरावांनी उरलेले निम्मे पैसे दिले, वर जादा देऊ लागले. भागवतनं घेतले नाहीत. ठरलेला भाव म्हणजे ठरलेला भाव. चूक त्याची, तर तोटाही त्याचाच. शितलला वाटलं, आता ह्यांचं पॅकेजचं खूळ उतरलं. कसलं उतरतंय! गडी पंधरा दिवस घरात वाघासारखा फिरला. मग एक दिवस तिला म्हणाला, "आपण माणसं मोजतो तिथंच चुकतो. आपल्याकडं माणसं कोण मोजतंय? आवतन घराला जातं. मंग भाव बी घराला पाहिजे."

नवं कार्ड छापलं. पहिलीच ओळ: आवतन घरटी की चूलबंद? त्याखाली चूलबंदाचा वेगळा तक्ता: शंभर उंबरे, दोनशे उंबरे, चारशे उंबरे. एका उंबऱ्याचा एक भाव, आत चार माणसं असोत नाहीतर चौदा. कुठं कमी, कुठं जास्त, गावभरात मिळून बरोबर बसतं. उंबरे कुणीही मोजू शकतो, यजमान, माऊली, उद्या ठेवलेला तिसरा आचारीसुद्धा. लोकांनाही ते पटलं. आता दोन टोळ्या झाल्यात आणि यंदाच्या सालात वसमत, औंढा, कळमनुरी मिळून चाळीसेक लग्नं झाली. वहीच्या शेवटच्या पानावर, मीठ-हळदीच्या ग्रॅमांखाली, भागवतनं स्वतःच्या वाकड्या अक्षरात एक काम लिहिलंय: शेवटच्या पंगतीआधी गावातून एक चक्कर मारणे. धूर बघणे. कुकरची शिटी ऐकणे.

परवा माऊली एका तांड्यावर गेला होता, एकशे दहा उंबरे, चूलबंद. भागवतला त्या दिवशी काम नव्हतं. शितलनं ताट वाढलं, बाजेवर ठेवलं, म्हणाली, "बसा." तो ताटाभोवती फिरत राहिला. दोन वाजले, अडीच वाजले. पोळ्या गार झाल्या. फोन वाजला.

"दादा, चक्कर मारून आलो. एका घरी धूर व्हता."

भागवत जागीच थांबला. "मंग?"

"म्हशीला आंबोण शिजवून राहिलेत."

"झाकण काढून बघितलं का?"

"बघितलं दादा. आंबोणच हाय. घरातले समदे जेवून आलेत, मी नावानं इचारलं."

भागवतनं फोन ठेवला. हात धुतले आणि बाजेवर मांडी घालून बसला. शितल दुसरी गरम पोळी आणायला वळली आणि चुलीपाशी जरा वेळ मुद्दामच रेंगाळली, कारण तिला नवऱ्यापुढं डोळे पुसायचे नव्हते.